गवती चहाचं तेल: कापणीपासून बाटलीपर्यंत कुठे काय चुकतं

"तेल उतरलंच नाही, युनिट खराब आहे," असं कोणी म्हणालं की मी तीन प्रश्न विचारतो. गवत कधी कापलं? टाकीत कसं भरलं? आणि नळीतून पडणारं पाणी हाताला कसं लागत होतं? चूक बहुतेक वेळा या तीन उत्तरांपैकी एकात सापडते. तेल काही टाकीत तयार होत नाही. ते पानाच्या आत, बारीक तेलपेशींमध्ये आधीच भरलेलं असतं. ते वाटेत न गमावता बाटलीपर्यंत आणायचं, एवढंच आपल्या हातात असतं, आणि वाट लांब आहे.

खालची सगळी मापं वाफेने तेल काढायच्या १०० लिटरच्या छोट्या टाकीची, म्हणजे छोट्या युनिटची आहेत. खाली पाणी, मध्ये जाळी, जाळीवर गवत आणि टाकीखाली जाळ, अशी ही रचना. वाफ गवतातून वर जाताना तेल सोबत घेते, नळीतून बाहेर पडते आणि गार होऊन तिचं तेल-पाणी होतं. मोठ्या युनिटला वेगळा बॉयलर असतो, पण टप्प्यांचा क्रम आणि चुका त्याच.

## सुरू करण्याआधी: हिशेब आणि थोडं रसायन

ताज्या गवतातून वजनाच्या साधारण ०.३ ते ०.५ टक्के तेल निघतं. १०० लिटरच्या टाकीत तळाला २५ लिटर पाणी घातलं, वर जाळी बसवली आणि झाकणाखाली वीतभर मोकळी जागा सोडली, की तुकडे केलेलं १२ किलो गवत मावतं. १२ किलोचे ०.४ टक्के म्हणजे ४८ ग्रॅम. या तेलाची घनता ०.८९ च्या आसपास असते, म्हणजे हातात पडणार साधारण ५४ मिली. चहाचा अर्धा कपसुद्धा भरणार नाही. ज्यांनी एका खेपेत अर्धा लिटर तेलाची आशा धरलेली असते, ते ५० मिली पाहून युनिटला दोष देतात. खरं तर त्यांचं काम नीट झालेलं असतं.

आता रसायन, कामापुरतंच. या तेलाचा ७० ते ८५ टक्के भाग सिट्रालचा. सिट्राल म्हणजे जेरानियाल आणि नेराल या दोन जुळ्या रेणूंचं मिश्रण. लिंबासारखा वास त्याचाच, बाजारात तेलाचा भाव ठरतो तोही त्याच्याच टक्केवारीवर, कारण त्यापासून आयोनोन हे सुगंधी रसायन आणि पुढे जीवनसत्त्व 'अ' बनवतात. सिट्राल एकट्याने उकळायचं तर २२५ अंशांच्या पुढे जावं लागतं आणि तेवढ्या उष्णतेत ते करपून जाईल. पण पाण्याची वाफ आणि तेलाची वाफ एकत्र असली की दोन्हींचा मिळून दाब हवेच्या दाबाइतका झाल्याबरोबर मिश्रण उकळतं, आणि तेल १०० अंशांच्या आतच वाफेसोबत बाहेर पडतं. म्हणून इथे दाब वाढवायची काहीच गरज नाही.

सिट्राल अल्डिहाइड गटातलं आहे. हवा, ऊन आणि गंजलेलं लोखंड यांच्याशी त्याचं पटत नाही. हे एकदा मनात बसलं की पुढचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

सावधान: प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी तांब्याची नळी जोडून तेल काढू नका. पाल्याचा एखादा तुकडा त्या बारीक भोकात अडकला की आत दाब साठतो आणि झाकण उडतं. शिवाय कुकरचं रबर या तेलाने मऊ होतं आणि तेलाला रबराचा वास लागतो.

## टप्पा १: कोणतं गवत, कधी कापायचं

परसदारी चहासाठी लावलेला गवती चहा आणि तेलासाठी लावायचा गवती चहा बहुतेकदा वेगवेगळ्या जातींचे असतात. परसातल्या जातीत मायर्सिन नावाचा घटक जास्त असतो. तो साठवणीत लवकर बिघडतो आणि तेल घट्ट, गढूळ करतो. घरी वापरायला काही हरकत नाही, पण विकायचं असेल तर तेलासाठीचे वाण लावा. लखनौच्या सीमॅप संस्थेचे कृष्णा, प्रगती, कावेरी आहेत, केरळातल्या ओडक्कली केंद्राचा सुगंधी म्हणजे ओडी-१९ आहे.

दिसायला सारखं असणारं जावा सिट्रोनेला रोपवाटिकेतून चुकून मिसळून येतं, तेव्हा लावतानाच पान चुरगळून वास घ्या. स्वच्छ लिंबाचा आला तर गवती चहा. साबणासारखा, डासांच्या मलमाची आठवण करून देणारा आला तर सिट्रोनेला. दोन्ही एकत्र टाकीत गेले तर निघणाऱ्या तेलाला धड कोणताच भाव मिळत नाही.

पहिली कापणी लागवडीनंतर चार-साडेचार महिन्यांनी, पुढे दर अडीच-तीन महिन्यांनी, फुलोरा यायच्या आत. जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर वर विळा चालवा. बुडख्यापर्यंत खाली गेलात तर ठोंब मरतो आणि त्या खालच्या पांढऱ्या भागात तेलही फारसं नसतं. दव उडून गेल्यावर, उघाडीच्या दिवशी कापा. पावसात कापलेलं गवत पाणी घेऊन टाकीत जातं, जाळ खातं आणि वाफेला वाट देत नाही.

## टप्पा २: सुकवणं आणि तुकडे

कापलेलं गवत सावलीत पातळ पसरून ठेवा, एक रात्र, फार तर २४ तास. पाणी उडतं, वजन घटतं, तेल जवळपास तेवढंच राहतं. त्यामुळे त्याच टाकीत जास्त ठोंबांचं गवत मावतं आणि त्याच जाळात जास्त तेल मिळतं.

इथे दोन चुका कायम होतात. एक, गवत उन्हात वाळवणं. पान करकरीत होईतो तेलही उडालेलं असतं. दुसरी, ट्रॉलीतून उतरवलेला ढीग तसाच सोडणं. संध्याकाळी त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहा. आत गरम लागलं आणि ताकासारखा आंबूस वास आला, तर गवत कुजायला लागलं आहे. हा आंबूसपणा तेलात उतरतो आणि नंतर कशानेच जात नाही.

तुकडे टाकी भरायच्या अगदी आधी करायचे. कडबाकुट्टी यंत्रातून दोन-तीन इंचांचे तुकडे निघाले की पुरे. तुळशीचं किंवा पुदिन्याचं तेल पानाच्या वरच्या ग्रंथींत असतं, तिथे कापल्याने नुकसान होतं. गवती चहाचं तेल पानाच्या आत असतं, त्यामुळे कापल्यावर वाफ लवकर पोचते. पण कापलेल्या कडा उघड्या पडतात. आदल्या रात्री तुकडे करून ठेवले की सकाळी सगळ्या गोठ्यात वास दरवळतो आणि लोक खूश होतात. तो दरवळ म्हणजे तुमचं तेल हवेत चाललेलं असतं.

## टप्पा ३: कोरी चाचणी

नवीन युनिट असो की आधी दुसरं पीक काढलेलं असो, गवत न घालता नुसत्या पाण्याची एक खेप काढा. अर्धा तास वाफ जाऊ द्या. यात तीन गोष्टी कळतात.

तपासा: पहिली, सांध्यांतून वाफ निसटते का. झाकणाच्या कडेला टेफ्लॉनची पट्टी असावी, रबर नको. तरी फट राहिलीच तर भिजवलेल्या कणकेची लांब वळी करून सांध्यावर दाबून लिंपा. वाफेने ती सुकते आणि पक्की बसते. दुसरी, नळीतून येणाऱ्या पाण्याला जुन्या पिकाचा, ग्रीसचा वा रबराचा वास आहे का. वास जाईपर्यंत पुन्हा वाफ काढा. तिसरी, तासाला किती लिटर पाणी पडतं. या मापाच्या टाकीला ४ ते ५ लिटर योग्य. हा आकडा खडूने टाकीवर लिहून ठेवा, पुढे त्याचीच गरज लागणार आहे.

टाकी, जाळी, नळी स्टेनलेस स्टीलची असावी. साध्या लोखंडी पत्र्याची टाकी स्वस्त पडते, पण गंज आला की तेल तांबूस उतरतं. कंडेन्सर (वाफ गार करून तिचं पाणी करणारा भाग) ते सेपरेटर (तेल आणि पाणी वेगळं करणारं भांडं) हा जोड प्लॅस्टिकच्या वा रबराच्या नळीचा करू नका.

## टप्पा ४: टाकी भरणं

सगळ्यात जास्त तेल इथे वाया जातं, आणि इथेच लोक सगळ्यात कमी वेळ देतात.

माझ्या सुरुवातीच्या एका खेपेत १२ किलो गवतातून जेमतेम २० मिली तेल आलं. दोन तास वाफ नीट पडत होती, जाळ नीट होता, काय चुकलं कळेना. टाकी गार झाल्यावर झाकण काढून गवत थराथराने बाहेर काढलं. उजव्या बाजूचं गवत शिजून पिवळट तपकिरी, मऊ झालेलं होतं. डाव्या बाजूला मात्र मनगटाएवढं एक भोक तळापासून वरपर्यंत गेलेलं आणि त्याच्या पलीकडचं गवत हिरवंगार, जणू आत्ताच कापून आणलेलं. हातात चुरगळलं तर लिंबाचा घमघमाट. वाफेला सोपी वाट मिळाली होती. ती त्याच बिळातून सरळ वर निघून गेली आणि निम्म्या गवताला तिचा स्पर्शच झाला नाही.

तेव्हापासून मी टाकी अशी भरतो. आधी जाळीवर अख्ख्या पानांचा पातळ आडवा थर, म्हणजे बारीक तुकडे खाली पाण्यात पडत नाहीत. मग तीन-चार किलोचा एक थर, हाताने सगळीकडे सारखा पसरून. कडेने मुठीने दाबायचं, मधे हलकंच, कारण वाफ नेहमी टाकीच्या गुळगुळीत भिंतीला धरून निसटायला बघते. मग दुसरा थर, तसाच. पायाने तुडवायचं नाही. फार घट्ट भरलं की वाफ अडते, दाब वाढतो आणि शेवटी कुठेतरी बीळ पाडतेच.

तपासा: भरून झाल्यावर तळवा गवतावर ठेवून सगळीकडे सारखं दाबून पाहा. कडेला आणि मधे सारखाच विरोध लागला पाहिजे. कुठे हात खोल गेला तर तिथे मूठभर गवत आणखी घाला.

गवत पाण्याला टेकता कामा नये. पाण्याची पातळी आणि जाळी यांत चार बोटं अंतर ठेवा. उकळणारं पाणी उसळून गवतात गेलं तर ते वाफवण्याऐवजी शिजतं, आणि तेलाला उकडलेल्या भाजीचा वास येतो.

## टप्पा ५: जाळ

पाण्याला आधण येईपर्यंत मोठा जाळ चालेल. नळी गरम व्हायला लागली की जाळ कमी करा. पहिले थेंब पडले की घड्याळ लावा. वेळ इथून मोजायची, चूल पेटवल्यापासून नव्हे.

पहिल्या तासात बहुतेक तेल येऊन जातं. गवती चहाला एकूण दोन ते अडीच तास पुरतात. तासाला ४-५ लिटर हा कोऱ्या चाचणीतला आकडा आठवा. त्याहून जास्त पाणी पडत असेल तर जाळ जास्त आहे. अडीच तासांत ११-१२ लिटर पाणी वाफ होऊन जातं, म्हणून २५ लिटर घातलं होतं. तळ कोरडा पडला तर खाली गळालेला पाला करपतो आणि तो धुरकट वास सगळ्या तेलाला लागतो.

थांबायचं कधी? घड्याळ बघून नाही. अडीच तास होत आले की एका स्वच्छ काचेच्या पेल्यात पाच मिनिटांचं पाणी वेगळं धरा आणि उजेडात तिरकं करून बघा. वर तेलाचा तवंग दिसला तर चालू ठेवा. नुसते एक-दोन ठिपके दिसले तर बंद करा, त्यापुढे जाळाचा खर्च तेलापेक्षा जास्त होतो. उरलेलं चोथा झालेलं गवत वाळवून पुढच्या खेपेला जाळायला वापरता येतं. मी लाकूडफाट्यात तेच मिसळतो.

सावधान: जाळ बंद केल्यावर टाकी गार होते, आतली वाफ आकसते आणि नळीचं टोक पाण्यात बुडालेलं असेल तर बाहेरचं तेल-पाणी टाकीत ओढलं जातं. नळीचं टोक नेहमी पाण्याच्या वर, मोकळं ठेवा. आणि सेपरेटरचं तोंड बूच लावून कधीच बंद करू नका. टाकी, नळी आणि बाहेरची हवा यांच्यातली वाट सगळा वेळ उघडी राहिली पाहिजे.

## टप्पा ६: गारवा

कंडेन्सरसाठी २०० लिटरचं एक पिंप, त्यात छोटा पंप, तेच पाणी गोल गोल फिरतंय, असं चित्र पुष्कळ ठिकाणी दिसतं. पहिला तास सगळं छान चालतं. मग घरात लिंबाचा वास सुटतो आणि बाटलीत तेल वाढायचं थांबतं.

हिशेब सोपा आहे. तासाला ५ लिटर वाफेचं पाणी करून ते ४० अंशांपर्यंत आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढ्याने दीडशे लिटर पाणी २० अंशांनी तापतं. म्हणजे सव्वा-दीड तासात पिंपातलं २५ अंशांचं पाणी ४५ अंशांवर जातं. त्यानंतर वाफ पुरती गार होत नाही आणि तेल वाफेसकट हवेत जातं. अडीच तासांच्या खेपेला ३५० ते ४०० लिटर गार पाण्याची सोय हवी. विहिरीच्या पंपाचं पाणी कंडेन्सरमधून काढून पुढे पाटात सोडता आलं तर उत्तमच, पाणी वाया जात नाही.

गार पाणी कंडेन्सरच्या खालच्या तोंडातून आत आणि वरच्या तोंडातून बाहेर असंच जोडा. उलटं जोडलं तर वरचा भाग रिकामा राहतो आणि निम्मं कंडेन्सर बिनकामाचं होतं.

तपासा: नळीतून पडणारं पाणी बोटावर घ्या. अंगाइतकं कोमट, म्हणजे ३० ते ४० अंश, बरोबर. चटका बसला तर गार पाणी वाढवा किंवा जाळ कमी करा.

## टप्पा ७: तेल आणि पाणी वेगळं करणं

गवती चहाचं तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते वर तरंगतं आणि पाणी सेपरेटरच्या तळातून, वाकड्या नळीने बाहेर पडतं. म्हणूनच खेप सुरू करायच्या आधी सेपरेटर बाहेरच्या नळीच्या पातळीपर्यंत साध्या पाण्याने भरून ठेवा. रिकामा ठेवला तर पहिल्या पाण्याबरोबर तेलही तळाच्या नळीत शिरतं आणि बादलीत जातं. सगळ्यात सुवासिक तेल नेमकं पहिल्या दहा मिनिटांत येतं, आणि बादलीत तेच जातं.

नळीतून पडणारी धार थेट तेलाच्या थरावर आपटू देऊ नका. खाली लांब दांड्याचं काचेचं नरसाळं धरा, म्हणजे धार तेलाखाली हळूच उतरते. धारेने थर घुसळला की दुधासारखं पांढरं मिश्रण होतं. झालंच तर घाबरू नका. त्यात चमचाभर साधं मीठ विरघळवा आणि रात्रभर स्थिर ठेवा. पाणी जड होतं आणि तेल सुटून वर येतं.

बाहेर पडलेलं पाणी फेकू नका. सिट्राल पाण्यात थोडं विरघळतं, लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दर खेपेला चार-पाच ग्रॅम तेल त्या बादलीत असतं. मी ते पाणी पुढच्या खेपेला टाकीच्या तळात घालतो. फरशी पुसायलाही ते छान. मात्र ते टिकाऊ नाही. त्यात कुठलंही परिरक्षक नसतं, आणि चार-सहा दिवसांत त्यात जंतू वाढतात. आठवडाभर खिडकीत ठेवलेलं हे 'अर्कजल' चेहऱ्यावर फवारू नका.

## टप्पा ८: पाणी उतरवणं आणि साठवण

वेगळं केलेलं तेल स्वच्छ दिसलं तरी त्यात पाणी असतं. काचेच्या बरणीत घेऊन त्यात निर्जल सोडियम सल्फेट घाला, १०० मिली तेलाला २ ग्रॅमपासून सुरू करा. बरणी हलवा. पूड तळाला चिकटून ढेकूळ झाली तर पाणी अजून आहे, थोडी आणखी घाला. पूड वाळूसारखी मोकळी फिरायला लागली की झालं. रात्रभर ठेवून गाळणकागदातून गाळा. हा टप्पा वगळणारे पुष्कळ, आणि सहा महिन्यांनी तेल गढूळ झालं म्हणून विचारणारेही तेच.

बाटली तपकिरी काचेची, पूर्ण कोरडी आणि गळ्यापर्यंत भरलेली. अर्धी भरलेली मोठी बाटली म्हणजे अर्धी बाटली हवा, आणि हवेने सिट्राल आंबतं. तेल कमी झालं की छोट्या बाटलीत काढा. रबरी फुगा असलेला ड्रॉपर बाटलीवर कायमचा लावून ठेवू नका. मी एकदा तसा ठेवला होता. दोन महिन्यांनी फुगा बोटांत धरला तर चुइंगमसारखा चिकटला, आणि त्याखालच्या तेलात बारीक काळे कण तरंगत होते. आतून पॉलिथिन असलेलं घट्ट फिरकीचं झाकण लावा आणि ड्रॉपर वेगळा ठेवा.

बाटलीवर कापणीची तारीख, वाण, गवताचं वजन आणि तेलाचं माप लिहा. हे लिहिलेलं नसेल तर पुढच्या खेपेला काय सुधारलं ते कळणार नाही.

## टप्पा ९: घरच्या घरी तपासणी

पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून पंख्याखाली दिवसभर ठेवा. तेलकट, आरपार दिसणारा डाग ठळक राहिला तर त्यात खाद्यतेलाची भेसळ आहे. दुसरी चाचणी: १ मिली तेल ३ मिली ७० टक्के अल्कोहोलमध्ये मिसळा. ताजं, तेलासाठीच्या वाणाचं तेल स्वच्छ विरघळतं. परसातल्या जातीचं किंवा जुनं झालेलं तेल दुधाळ होतं. रॉकेल वा खनिज तेलाची भेसळही इथे उघडी पडते.

या दोन्ही चाचण्या कारखान्यात बनवलेल्या सिट्रालची भेसळ पकडू शकत नाहीत. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी, तेलातले घटक वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतली तपासणी लागते, आणि विकायचं असेल तर तो अहवाल खरेदीदार मागतोच.

## टप्पा १०: अंगाला लावताना

लोक तेल काढताना चुकतात त्याने पैसे जातात. वापरताना चुकतात त्याने कातडी जाते. म्हणून हा भाग घाईत वाचू नका.

आधी एक माप बघा. ०.४ टक्क्यांनी हिशेब केला तर १ मिली तेल काढायला जवळपास पाव किलो ताजा पाला लागतो. एका कप चहात आपण दोन पाती टाकतो, फार तर ५ ग्रॅम. "चहात टाकतोच की, मग दोन थेंब तेल घ्यायला काय हरकत आहे?" हा प्रश्न मला सतत येतो. हरकत आहे. पाला आणि तेल यांच्या तीव्रतेत शेकडो पटींचं अंतर आहे. तेल पोटात घेऊ नका, पाण्यात नाही, मधात नाही, कॅप्सुलमध्येही नाही.

कातडीवर लावायची वरची मर्यादा ०.७ टक्के धरा, कारण सिट्रालने काहींना त्वचेची ॲलर्जी येते आणि ती एकदा आली की आयुष्यभर राहू शकते. १०० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात ०.७ मिली, त्याहून जास्त नाही. थेंब मोजू नका, प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो. १ मिलीची सिरिंज वापरा आणि लगेच टाकून द्या.

तपासा: पातळ केलेलं तेल कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावा. ४८ तास थांबा. लाली, खाज, पुरळ आलं तर तुमच्यासाठी हे तेल नाही.

उपयोग कशाचा? दुखऱ्या स्नायूंना चोळायला, पाय मळायला पुष्कळ लोक वापरतात आणि त्यांना बरं वाटतं. सिट्राल बुरशीची वाढ थांबवतं हे प्रयोगशाळेत कॅंडिडासारख्या बुरशींवर दिसलं आहे. पण काचेच्या बशीतली बुरशी आणि नखात मुरलेली बुरशी यांत फरक आहे. आठवडाभरात कमी न होणारा नायटा घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांवर हे तेल पोटातून घ्या असं सांगणाऱ्यांचं ऐकून चालू गोळ्या बंद केलेली माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका.

अंघोळीच्या बादलीत चार थेंब टाकणं ही फार पसरलेली चूक आहे. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि पहिल्या तांब्याबरोबर शुद्ध तेल थेट मानेवर, काखेत, जांघेत बसतं. आग होते ती तिथेच. टाकायचंच असेल तर आधी पातळ केलेलं तेल अंगाला लावा आणि मग अंघोळ करा.

वाफाऱ्यातही शुद्ध तेल नको, डोळे आणि श्वासनलिका चुरचुरतात. सर्दीला मूठभर पाती पाण्यात उकळून घेतलेला वाफारा पुरेसा असतो. दम्याच्या रुग्णांनी तोही जपून. दोन वर्षांखालच्या बाळांना हे तेल लावू नये, गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, आणि घरात मांजर असेल तर तिच्या अंगावर वा बिछान्यावर ते शिंपडू नये. जाता जाता बाळांचंच आणखी एक सांगतो, कारण ते आपल्या घराघरात असतं: कापूर आणि निलगिरीचं तेल. लहान मुलाच्या पोटात गेलं तर दोन्हींनी झटके येऊ शकतात. देवघरातली कापराची डबी आणि तेलाच्या बाटल्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

सावधान: शुद्ध तेल कातडीवर सांडलं तर आधी खाद्यतेलाच्या बोळ्याने पुसा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टरांकडे जा. पोटात गेलं तर ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, कारण ओकताना तेल फुफ्फुसात जाऊ शकतं. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

## हीच रीत सगळ्या तेलांना लावू नका

लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, ते तळाला बसतं. गवती चहाचा सेपरेटर तिथे लावला तर सगळं तेल बादलीत जाईल. वाळ्याच्या मुळांना दोन तास कुठले, अठरा-वीस तास लागतात आणि तेलाची घनता पाण्याच्या इतकी जवळ की ते धड तरंगत नाही, धड बुडत नाही. लिंबू-संत्र्याच्या सालीचं तेल दाबून काढतात. मोगऱ्याची फुलं वाफेवर ठेवली तर हाती शिजलेल्या फुलांचा वासच येतो.

## विकायचं असेल तर

सुगंधी कच्चा माल म्हणून शेतकऱ्याने तेल व्यापाऱ्याला विकणं वेगळं, आणि "केसगळतीवर रामबाण" असं लेबल लावून बाटली विकणं वेगळं. औषध किंवा सौंदर्यप्रसाधन म्हणून बनवून विकायला १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली परवाना लागतो, आणि मधुमेह, कर्करोगासारखे आजार बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने मना आहे. बाटली नात्यातल्या कोणाला नुसती भेट म्हणून देत असलात तरी लेबलवर ठळक अक्षरांत चार गोष्टी लिहा: गवती चहाचं शुद्ध तेल, पिऊ नये, पातळ केल्याशिवाय लावू नये, मुलांपासून दूर ठेवा.